पहिला मासा लहान दे, म्हाराजा

गळ घेऊन पाण्यावर जाणारा माणूस देवाकडे मोठा मासा मागतो. मोहन राऊळ लहान मागायचे. निदान पहिला तरी लहान. पुढचे मग कसेही आले तरी त्यांची तक्रार नसे.

रेगेन्सबर्गला आम्ही एकाच कंपनीत होतो. ते ब्रेकच्या टेस्टिंगला, मी शेजारच्या विभागात सॉफ्टवेअरला. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे, बुटके, रुंद मनगटांचे, आणि ऑक्टोबर ते एप्रिल डोक्यावर माकडटोपी. ती टोपी घालून ते कंपनीच्या गेटमधून आत येत तेव्हा माझ्यासारख्या पुणेकराला मान खाली घालावीशी वाटे. त्यांना तसलं काही वाटत नसे. कान गार पडले की डोकं चालत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं.

जर्मन लोक त्यांना ‘हेर राउल’ म्हणत आणि ते स्पॅनिश असावेत अशी परस्पर समजूत करून घेत. कँटीनमधली एक बाई तर कित्येक महिने त्यांना ‘ओला, सेन्योर!’ म्हणून हाक मारायची आणि बटाटे वाढताना हात सैल सोडायची. मी एकदा विचारलं, “अहो, सांगा ना तिला, तुम्ही कणकवलीचे आहात म्हणून.”

“कशाला? एवढं हौसेनं म्हणते, आपण का मोडता घाला? आणि बटाटे कमी झाले तर?”

हा झाला त्यांचा एक स्वभाव. दुसरा कामातला. तिथे मात्र माणूस आडमुठा. एकदा एका चाचणीचा आकडा मर्यादेच्या बाहेर अगदी केसभर गेला होता. आमच्या साहेबांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं की हेर राउल, हे जवळच्या आकड्यावर आणता येईल. राऊळ म्हणाले, “आणता येईल. पण गाडीला ते कळणार नाही.” पूर्ण चाचणी परत झाली, सगळा विभाग दोन शनिवार कामावर आला आणि मराठी मंडळींनी त्यांना मनसोक्त शिव्या घातल्या. मीही घातल्या. त्यांनी सगळ्यांसाठी घरून घावणे आणले आणि विषय संपवला.

तर असा हा माणूस मासे गरवायला जायचा. ‘गरवणं’ हा त्यांचा शब्द. गळ टाकून मासा पकडणं म्हणजे गरवणं. जाळं टाकणं वेगळं, ते त्यांना आवडत नसे. “जाळ्यात मासा सापडतो, गरीला मासा येतो,” असं ते म्हणायचे, आणि हा फरक समोरच्याला कळला की नाही हे त्याच्या तोंडाकडे बघून तपासायचे.

जर्मनीत मात्र उठलं, काठी घेतली आणि नदीवर गेलं असं चालत नाही. मासेमारीची परीक्षा द्यावी लागते. राऊळांनी एक आख्खा हिवाळा संध्याकाळी त्या वर्गाला जाऊन काढला, आणि त्यांचं जर्मन जे काही होतं ते तिथेच शिकलेलं. त्याचा परिणाम असा झाला की आउसलेंडरबेहोर्डेत, म्हणजे व्हिसाच्या कचेरीत, ‘माझा पत्ता बदललाय’ हे सांगताना ते घामाघूम होत, पण माशाच्या प्रत्येक पराचं नाव, कल्ले कसे चालतात आणि कोणत्या रोगाला कोणता डाग पडतो हे अस्खलित सांगत. त्या कचेरीतली बाई एकदा फारच वैतागली तेव्हा तिच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातला मासा ओळखून त्यांनी तिला त्याची सगळी कुंडली सांगितली. तिने हसत शिक्का मारला.

परीक्षा पास झाल्यावर त्यांनी साधं गांडूळ लावून गरवायचं सोडलं आणि फ्लाय फिशिंगच्या नादी लागले. ह्यात आमिष नसतंच. पीस आणि दोरा गुंडाळून गळावर एक खोटी माशी बांधायची आणि लांब दोरीच्या टोकाला ती अशी फेकायची, की माशाला वाटावं खाणं आलं. हिवाळ्यात किडे पाण्यावर नसतात, म्हणून माशीला एक छोटासा जड मणी बसवून ती तळाशी सोडायची.

मी म्हटलं, “म्हणजे माशाला उल्लू बनवायचं.”

“गेनाऊ, अगदी तेच! गांडूळ लावणं म्हणजे लाच देणं झालं, पुणेकर. ही फसवणूक आहे. हिला अक्कल लागते.”

माश्या ते घरीच बांधत. जेवणाच्या टेबलाला छोटा चिमटा लावून, डोळ्यांवर भिंग चढवून. वहिनींची जरीची एक साडी आणि लाल शालीचे गोंडे ह्यात कामी आले. वहिनी पाहुण्यांना सांगायच्या, “बाकीच्यांचे नवरे सुट्टीत घरी बसून माश्या मारतात, आमचे बांधतात. नशीब एकेकाचं.” मग आतून सोलकढी आणायच्या. त्यांची मुलगी मैथिली, दहावीतली, मराठी सगळं समजायची पण उत्तर जर्मनमध्येच द्यायची. ती वर न बघता म्हणायची, “पापा श्पिंट,” म्हणजे बाबांचं डोकं फिरलंय. ह्या एका बाबतीत मायलेकींचं एकमत होतं.

त्यांचं पाणी रेगेन्सबर्गपासून तासाभरावर, बवेरियाच्या जंगलात होतं. डोंगरातून उतरणारा एक ओढा. जर्मनमध्ये ‘बाख’. राऊळ त्याला पहिल्या दिवसापासून ‘व्हाळ’ म्हणत. “आमच्या घरामागे असाच व्हाळ. फक्त ह्यो फ्रीजमधून काढलेला.” दगड, काळं पाणी, दोन्ही काठांना झाडं, आणि त्यात ट्राउट, म्हणजे तिथली फोरेल. ऑक्टोबरपासून फेब्रुवारीअखेर तिला हात लावायचा नाही, कारण तो तिचा अंडी घालायचा काळ. आमच्या मंडळाच्या दिवाळीत एका देवगडच्या वहिनींनी “भावजी, गाभोळी आणा की एकदा” म्हणून माशाच्या अंड्यांची फर्माईश केली तेव्हा राऊळ हळहळत म्हणाले, “आपल्याकडे गाभोळी म्हणजे सण, इथं तोच गुन्हा. काय करायचं सांगा!” बंदी उठे ती एक मार्चला. खाली शहरात तेव्हा जॅकेट उघडं टाकून फिरता येई, पण वर डोंगरात मार्च फक्त कॅलेंडरात असायचा. व्हाळाच्या काठाला बर्फ, दोरीवर बर्फ, मिशांवर बर्फ. त्यांना तोच दिवस हवा असे. “आमरस पहिल्या पेटीचाच खायचा,” असं सांगून ते रबरी विजार चढवत.

मी शाकाहारी. तरी दरवर्षी त्यांच्याबरोबर जायचो, कारण पहिल्या वर्षी त्यांची गाडी बंद होती आणि मी सोडायला गेलो, आणि त्यांच्याबरोबर एकदा केलेली गोष्ट प्रथा होऊन बसते. मी काठावर थर्मास घेऊन उड्या मारायचो. ते मला ‘शाकाहारी साक्षीदार’ म्हणायचे.

त्या पहिल्या वर्षी त्यांनी पाण्यात पाय घालण्याआधी माकडटोपी काढली, हात जोडले आणि मोठ्या आवाजात गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. तळकोकणात कुठलंही काम सुरू करताना गावच्या देवाला, राखणदाराला असं गाऱ्हाणं घालतात. एकाने सांगायचं, बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणून होकार भरायचा.

“बा देवा म्हाराजा! ह्या व्हाळाच्या राखणदारा! आज तुझा लेकरू तुझ्या पाण्यात उतारता हा...”

मी गप्प. ते थांबले आणि डोळे न उघडता म्हणाले, “अरे, व्हय म्हाराजा म्हण!”

“व्हय म्हाराजा,” मी म्हटलं. सदाशिव पेठेतल्या माणसाकडून हे जसं निघेल तसंच निघालं.

“पयलो मासो बारको दी, म्हाराजा! दुसरो तुका वाटात तसो दी. जा काय चुकला माकला असात, ता पदरात घे, म्हाराजा!”

तेवढ्यात पाठीमागून कोणीतरी खाकरलं. हिरवी फेल्टची हॅट घातलेला एक उंच, वाळका म्हातारा झाडाखाली उभा होता. छातीवर बिल्ला. हा श्टाडलर. जंगल खात्यातून निवृत्त झालेला आणि आता त्या ओढ्यावर मासेमारांची तपासणी करणारा. त्याने राऊळांचा परवाना पाहिला, परीक्षेचा दाखला पाहिला, दोरीच्या टोकाचा गळ पाहिला. सगळं ठीक होतं, ह्याचं त्याला वाईट वाटलं असावं. मग त्याने विचारलं, “आत्ता तुम्ही कोणाशी बोलत होता?”

राऊळांना ‘राखणदार’ जर्मनमध्ये सांगता येईना. ते म्हणाले, “आल्झो... इथल्या शेफशी.” शेफ म्हणजे जर्मनमध्ये साहेब.

श्टाडलर म्हणाला, “इथला शेफ मी आहे.”

राऊळांनी त्याच्याकडे खालून वर नीट पाहिलं. हॅट, बिल्ला, हातातली काठी. आणि अगदी मनापासून म्हणाले, “मग तुमच्याशीच बोलत होतो.”

त्या दिवसापासून श्टाडलरचं नाव आमच्यात राखणदार पडलं. मी ते थट्टेनं घ्यायचो. राऊळांचं काही सांगता येत नसे.

हा राखणदार कडक होता. त्याच्या खिशात एक कापडी टेप असे आणि तोंडात एकच वाक्य, माप म्हणजे माप. फोरेल सव्वीस सेंटिमीटरच्या आत असली तर पाण्यात परत, त्यावर असली तर न्यायचीच. जर्मनीत मासा हौसेखातर पकडून सोडता येत नाही, हे मला तिथेच कळलं. खायचा असेल तरच त्याला गळ लावायचा, उगाच त्याला छळायचं नाही, असा कायदा. मला शाकाहारी असून तो पटला. श्टाडलरने अर्ध्या सेंटिमीटरने लहान मासा पिशवीत टाकला म्हणून सख्ख्या मेव्हण्याचा परवाना काढून घेतला होता. ते दोघं अजून एका टेबलावर बसत नव्हते. आणि म्युनिकच्या कुणा दातांच्या डॉक्टरने एक मोठी फोरेल पकडून फोटो काढला आणि परत सोडली, तर त्याला त्या ओढ्यावर कायमची बंदी. हे दोन्ही किस्से श्टाडलर दरवर्षी आम्हाला नव्याने सांगायचा. राऊळ दरवर्षी मान डोलवायचे. आकड्याच्या बाबतीत ती दोन माणसं एका आईची असावीत.

पण मग लहान मासा का मागायचा? हे मी पहिल्याच वर्षी परतीच्या वाटेवर विचारलं. राऊळांनी गाडीतला हीटर पायांकडे वळवला आणि सांगितलं.

ते जन्मायच्या आधीची गोष्ट. त्यांचा थोरला भाऊ, तेव्हा पाच-सहा वर्षांचा, नदीला पाणी चढलेलं असताना साकवावरून पडला आणि वाहून गेला. गाव दिवसभर काठाने शोधत होतं. आई, त्यांच्या बोलीत ‘आवस’, नदीसमोर बसून होती. संध्याकाळी खालच्या वाडीत एका झाडाच्या मुळांना धरून बसलेला पोरगा जिवंत सापडला. तेव्हा आईने पाण्यात उभं राहून नवस बोलला, “माझो पयलो झील तू परत दिलंस, तुझो पयलो मासो मी परत देतंय.” तेव्हापासून राऊळांच्या घरात वर्षाचा पहिला मासा पाण्यात परत जातो. कितीही मोठा असो, घरी कोणी पाहुणा असो.

“पण इथं मोठा आला तर सोडता येत नाही,” मी म्हटलं.

“गेनाऊ. म्हणून लहान मागायचा. लहान असला तर कायदाच सांगतो, सोड. मग आईचंही राहतं आणि सरकारचंही राहतं.”

“आणि मोठाच आला तर?”

“तो येणार नाही. मी काय करतो, पहिली माशी सगळ्यात बारकी लावतो आणि उथळ पाण्यात टाकतो, जिथं पोरंटोरं असतात. देवाला थोडी मदत आपणही करायची असते.”

आणि तसंच होई. एक मार्चला पहिली फोरेल बोटभर यायची, राऊळ ती ओल्या हाताने सोडवायचे, पाण्यात धरायचे, ती निसटायची. मग त्यांचा चेहरा मोकळा व्हायचा आणि ते खऱ्या गरवण्याला लागायचे. थोड्या वेळाने रेंज मिळेल अशा उंचवट्यावर चढून ते उभे राहत, कारण कणकवलीहून आईचा फोन यायचा. तिला आठवण करून द्यावी लागत नसे. बाकी तब्येत-पाणी नंतर. पहिला प्रश्न ठरलेला, “पयलो मासो सोडलंस मा रे?” एवढ्या मोठ्याने, की मला दहा पावलांवर ऐकू येई. राऊळ म्हणायचे, “व्हय गे आये.” दुसऱ्या वर्षी श्टाडलरने हे काय चाललंय म्हणून विचारलं आणि राऊळांनी त्याला सगळं समजावून सांगितलं. नवसाला जर्मन शब्द काय, ह्यावर दोघांचा बराच वेळ गेला. अखेर ‘आईने नदीला दिलेला शब्द’ यावर तडजोड झाली. श्टाडलरने ऐकून हॅट सरळ केली. मग म्हणाला, “पास्ट शो.” हे त्या भागातलं बोलणं. ठीक आहे, जमेल, असू दे, हे सगळं त्यात येतं.

तिसऱ्या वर्षी आणखी एक गंमत झाली. राऊळ गाऱ्हाणं घालत होते, माझं लक्ष थर्मासच्या झाकणात, आणि माझ्या जागी दुसराच आवाज आला. “वोय, माराजा!” श्टाडलर हॅट काढून उभा होता. राऊळांनी गाऱ्हाणं मध्येच थांबवून त्याचा उच्चार सुधारला. पुढची दोन वाक्यं त्याने बरोबर म्हटली. माझी नोकरी गेली ती कायमची.

मग ते मंदीचं वर्ष आलं. त्या हिवाळ्यात कंपनीत कामच नव्हतं. कुर्त्सआर्बाइट सुरू झालं, म्हणजे आठवड्यात निम्मे दिवस घरी बसा. सगळी मराठी मंडळी धास्तावलेली. मी फ्रँकफर्टला दुसरी नोकरी धरली आणि मार्चमध्ये जायचं ठरवलं. राऊळांचं वय आणि जर्मन दोन्ही अडचणीचं, त्यांना कुठे जाता येणार नव्हतं. ते घरी बसून माश्या बांधत होते. वहिनी म्हणाल्या, “आता दोन्हीही करतात. मारतात आणि बांधतात.” पण त्या नेहमीसारख्या हसल्या नाहीत. मला त्या एकदा जिन्यात म्हणाल्या, “भावजी, त्या व्हाळावर जायला मिळतं म्हणून हा माणूस उभा आहे. नाहीतर इथे त्यांचं दुसरं काय आहे हो?” ते खरं होतं.

जानेवारीत त्यांची आई गेली. त्यांना विमान मिळून घरी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. अग्नी थोरल्या भावाने दिला, नदीतून परत आलेल्या. राऊळ बारावं-तेरावं करून आले तेव्हा माकडटोपीखाली डोक्याचा गोटा होता. कंपनीत कोणी विचारलं नाही. स्पॅनिश लोक हिवाळ्यात असं करत असतील म्हणून सोडून दिलं असावं.

एक मार्चच्या आदल्या दिवशी वहिनींचा फोन आला. “तुम्ही जा हो यांच्याबरोबर. पाण्यावर एकटे नकोत.” मी तसाही जाणारच होतो. रेगेन्सबर्गमधला तो माझा शेवटचा शनिवार-रविवार होता. गाडीत मी, मला वाटतं दिलासा म्हणूनच, म्हणालो, “राऊळ, आता तुम्ही मोकळे. नवस आईंचा होता. आता पहिला मासा मोठा आला तरी घरी नेता येईल.”

त्यांनी खिडकीची काच बाहीने पुसली. मग म्हणाले, “आई गेली. नदी कुठं गेलीय?”

व्हाळावर श्टाडलर आधीच आलेला होता. आई गेल्याचं त्याला मीच कळवलं होतं. त्याने हॅट काढली, राऊळांचा हात हातात घेतला आणि खूप हळू काहीतरी म्हणाला. राऊळ “डांके, डांके” म्हणत राहिले. मग त्यांनी टोपी काढली, हात जोडले, आम्ही दोघं मागे उभे राहिलो, आणि गाऱ्हाणं आलंच नाही. त्यांनी दोनदा घसा साफ केला. त्यांनी टोपी परत घातली आणि तसेच पाण्यात उतरले.

नेहमीची उथळ जागा त्या वर्षी बर्फाखाली बंद होती. कडेच्या बर्फाचा पापुद्रा आत ओढ्याच्या मध्यापर्यंत आला होता. गरवायला एकच जागा मोकळी, मोठ्या खडकाखालचा डोह. राऊळांनी सगळ्यात बारकी माशी लावली, ती डोहाच्या कडेला सोडली. दोरी गोठत होती; ती ते पाण्यात बुडवून मोकळी करत आणि परत टाकत. मी उड्या मारत होतो. श्टाडलर झाडाला टेकला होता. आणि दोरी थांबली.

काठी वाकली तेव्हाच मासा मोठा आहे हे राऊळांना कळलं. मला त्यांच्या पाठीवरून कळलं, कारण आनंद झालेल्या माणसाची पाठ तशी दिसत नाही. बारीक दोरा, तुटला असता तर बरं झालं असतं, आणि मला वाटतं ते त्यांनाही वाटलं असेल. पण मुद्दाम ओढून दोरा तोडणं म्हणजे माशाच्या तोंडात गळ ठेवून देणं. ते त्यांनी केलं नाही. सावकाश, ब्रेक लावावा तसं लावत, सोडत, त्यांनी तो काठाशी आणला आणि जाळीत घेतला. सोनेरी अंग, लाल ठिपके. तसली फोरेल मी तिथे कधी पाहिली नव्हती. मासेमार आयुष्यभर जिची वाट बघतात ती हीच, हे माझ्यासारख्या दोडकी-भेंडी खाणाऱ्यालाही समजलं.

श्टाडलर खाली आला. “पेट्री हाइल,” म्हणाला. मासा मिळाला की तिथे असं अभिनंदन करतात.

जाळी पाण्यातच ठेवून, मासा श्वास घेईल अशी धरून, राऊळांनी दुसऱ्या हाताने आतल्या खिशातून परवान्याचं पाकीट काढलं आणि श्टाडलरसमोर धरलं.

“हेर श्टाडलर, हा मोठा आहे. मला दिसतंय. पण हा वर्षाचा पहिला आहे, मी ह्याला सोडणार. तुम्ही हे घ्या.”

त्यांचे ओठ थंडीने निळे पडले होते. मी म्हणालो, “राऊळ, वेडे झालात का? वर्षभर काय करणार तुम्ही?” त्यांनी पाकीट आणखी पुढे केलं. श्टाडलरने पाकीट घेतलं, दाखला नीट पाहून बंद केलं आणि आपल्या खिशात घातलं. म्युनिकचा डॉक्टर, मेव्हणा, आणि आता राऊळ.

मग त्याने दुसऱ्या खिशातून टेप काढली. गुडघ्यावर बर्फात बसला. जाळीत हात घालून, पाण्याबाहेर न काढता, माशाच्या तोंडापासून शेपटीपर्यंत टेप धरली. चष्मा कपाळावरून खाली घेतला. आकड्याजवळ तोंड नेऊन वाचला.

“पंचवीस,” तो म्हणाला. “लहान आहे. सोडा.”

मी टेपकडे पाहिलं. पंचवीसचा आकडा माशाच्या पोटाशी कुठेतरी होता.

राऊळांनीही पाहिलं. आणि हा माणूस, केसभर जास्त आकड्यासाठी सगळ्या विभागाचे दोन शनिवार खाणारा माणूस, ह्या वेळी तरी गप्प बसेल की नाही! “नाइन, हेर श्टाडलर,” ते म्हणाले, “हे बरोबर नाही. शेपूट इथपर्यंत आहे. बघा ना. माप म्हणजे माप.”

श्टाडलरने टेप गुंडाळली. उठायला त्याला वेळ लागला, गुडघे झटकायला त्याहून जास्त. मग त्याने पाकीट काढून राऊळांच्या जॅकेटच्या खिशात परत खोचलं.

“इथला शेफ कोण?”

राऊळांचं बोट अजून शेपटीकडेच होतं.

“हेर राउल, मी विचारतोय. इथला शेफ कोण?”

“तुम्ही.”

“मग पंचवीस.”

राऊळ पाण्यात वाकले. जाळी बाजूला झाली. मासा त्यांच्या दोन्ही हातांत क्षणभर तसाच राहिला, मग शेपटी एकदा हलली आणि तो खडकाखालच्या काळ्या पाण्यात गेला. ते तिथेच उभे राहिले, कमरेपर्यंत त्या बर्फगार पाण्यात, हात अजून तसेच धरलेले. सवयीने त्यांची मान रेंज मिळायच्या उंचवट्याकडे वळली, आणि परत फिरली. त्यांनी माकडटोपी काढली. डोक्यावर नुकते उगवलेले खुंट, त्यांतले निम्मे पांढरे.

पुढच्याच आठवड्यात मी फ्रँकफर्टला गेलो. फोन होतात, दिवाळीला बोलणं होतं. ते अजून त्या व्हाळावर जातात. पण माझ्या डोळ्यांसमोर राऊळ येतात ते असेच, आमच्याकडे पाठ, पाण्यात उभे.

त्या दिवशी टोपी काढून त्यांनी हात जोडले. ह्या वेळी आवाज आला, नेहमीसारखा मोठा नाही.

“बा देवा म्हाराजा. ह्या व्हाळाच्या राखणदारा. माझ्या आवशीक सांग, पयलो मासो सोडलंय.”

मी थर्मास खाली ठेवला आणि हात जोडले. श्टाडलरला त्या वाक्यातलं एक अक्षरही कळलं नसणार. पण वाक्य संपलं की आपली पाळी असते, हे त्याला ठाऊक होतं. त्याने हॅट काढून छातीशी धरली आणि स्पष्ट, अगदी बरोबर उच्चारात म्हणाला,

“व्हय, म्हाराजा.”